पाहुण्यांची सर्दी

दूरच्या शाळेला भेट द्यायला निघालेला माणूस लगेच ओळखू येतो. गळ्यात कॅमेरा, हातात खाऊची पिशवी आणि चेहऱ्यावर कौतुक आधीपासूनच तयार. शाळा दिसायची तेवढी बाकी असते. महाराष्ट्रात अशा भेटीचा साचा ठरलेला आहे. पाड्यावरची किंवा तांड्यावरची शाळा, दारात रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्', पेटीचा एक सूर न लागणारं स्वागतगीत, गुलाबाचं फूल, चहा, आणि मग पाहुण्यांचे 'दोन शब्द'. हे दोन शब्द पाऊण तास चालतात आणि त्यात पाहुण्यांच्या बालपणीची गरिबी सविस्तर येते. संध्याकाळी परतताना पाहुणे सांगतात की, या मुलांकडून खूप शिकायला मिळालं. मुलांना मात्र त्या दिवशी काहीच शिकायला मिळालेलं नसतं, कारण सगळे तास पाहुण्यांत गेलेले असतात.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. जेरुसलेमच्या पूर्वेला, उघड्या टेकड्यांवर खान अल-अहमर नावाची बदाउनी वस्ती आहे. तिथे २००९ साली जुने टायर आणि माती वापरून शाळा उभी राहिली. वस्ती पाडण्याच्या आदेशांमुळे ती गाजली आणि युरोपातल्या मुत्सद्द्यांच्या गाड्यांची तिथे रीघ लागली. २०१८ मध्ये ब्रिटनचे मंत्री ॲलिस्टर बर्ट हेही जाऊन आले. तिथल्या पोरांना युरोपचा भूगोल वेगळा शिकवायची गरज उरली नसावी.

पण हेच एखाद्याने उलट करायचं ठरवलं तर? म्हणजे समजा, साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक मुलाकडे ग्लासगोला आले आहेत. लेक डिस्ट्रिक्ट झालं, एडिंबराचा किल्ला झाला ("आपल्या अजिंक्यताऱ्याला काही कमी नाही"), लॉख नेसच्या काठावर उभं राहून राक्षस न दिसल्याचा फोटोही काढून झाला. लंडनला महाराष्ट्र मंडळात एक फेरी झाली. हे मंडळ १९३२ सालचं, त्यामुळे तिथे पाहुण्याला आपण परदेशात असल्याचा भास फार वेळ टिकवता येत नाही. आता त्यांच्या मनात एकच राहिलं आहे. आयुष्यभर जावळी खोऱ्यातल्या शाळांवर साहेब लोक येताना पाहिले. आता आपण साहेबांच्या देशातल्या एखाद्या दुर्गम शाळेवर जायचं. सांस्कृतिक विनिमय म्हणून. सूनबाई म्हणते, "बाबा, तिथे वारा फार असतो." बाबा स्वेटर शोधायला लागतात.

ब्रिटनमध्ये वाळवंट नाही. दुर्गमता मात्र आहे, आणि ती नकाशाच्या वरच्या कडेला ठेवलेली आहे. शेटलंड बेटं इतकी उत्तरेला की नकाशा छापणारे वर्षानुवर्षं ती उचलून एका चौकटीत घालत आणि जिथे जागा रिकामी दिसेल त्या समुद्रात डकवत. २०१८ साली स्कॉटलंडच्या संसदेने बेटांसाठी जो कायदा केला, त्यात सरकारी नकाशांवर शेटलंड तिच्या खऱ्या जागीच दाखवायचं, आणि नसेल दाखवायचं तर कारण द्यायचं, अशी तरतूद घालावी लागली. गावाला रस्ता मिळावा म्हणून कायदा होतो हे मुख्याध्यापकांनी ऐकलं होतं. गावाला अक्षांश-रेखांश मिळावेत म्हणून कायदा होतो, हे नवीन.

शेटलंडच्या खाली ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या पापा वेस्ट्रेवर जायचं ठरतं. २०११ च्या जनगणनेत तिथे ९० माणसं होती, आणि तिथे प्राथमिक शाळा आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित विमानोड्डाण. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आत, म्हणजे एडिंबरा विमानतळाच्या मुख्य धावपट्टीइतकं. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात. वारा मनासारखा असला तर मिनिटभरही लागत नाही, आणि विक्रम ५३ सेकंदांचा आहे. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून ही सेवा चालवते. विमान आठ उतारूंचं, मधून चालायची वाट नाही, मोटारीसारखी बाजूची दारं उघडून बसायचं. वैमानिक मान वळवून सूचना देतो, त्या संपेपर्यंत जवळजवळ उतरायची वेळ झालेली असते. बेटांवर फिरून संगीत, चित्रकला शिकवणारे शिक्षक याच विमानाने जा-ये करतात. कुणाची बॅग आहे, कुणाची औषधं आहेत, कुणाच्या मांडीवर पेटाऱ्यातलं मांजर आहे. एकूण कारभार मुक्कामाच्या एसटीसारखा. मुख्याध्यापकांना वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते. जन्मात पहिल्यांदाच पुढच्या काचेतून विमान उतरताना बघायला मिळतं आणि ते डोळे मिटून घेतात.

खाली उतरल्यावर दिसतं की विमानतळ म्हणजे एक छोटी इमारत आणि अग्निशामक पोशाखात उभी असलेली दोन-तीन माणसं. अशा बेटांवर एका माणसाला एकच काम असून भागत नाही. विमान येताना जो आग विझवायला उभा असतो, तोच नंतर कोट बदलून दुसऱ्या कुठल्या तरी नोकरीवर जातो. बेटावरचं दुकान आणि पाहुण्यांचं वसतिगृह सहकारी संस्थेचं आहे, एवढं ऐकल्यावर सातारकरांचा परकेपणा पार गळून पडतो. त्यांचा पहिला प्रश्न, "चेअरमन कोण?"

शाळेत न्यायच्या भेटवस्तूंचा घोळ मात्र लंडनच्या विमानतळावरच झालेला असतो. भारतातून येताना दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे गेले. नारळाला मात्र वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याची गरज नाही, मोजक्या सूट मिळालेल्या फळांत तो बसतो. शाल आणि श्रीफळ सुखरूप पोचतात. चिक्कीचं पाकीट सुटकेसमध्ये लपून पोचलेलं असतं, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला दारातच मज्जाव असतो, कारण एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी असू शकते. पाहुण्याने आधी परवानगी घ्यायची, आल्यावर नोंदवहीत सही करायची, गळ्यात 'व्हिजिटर'चं ओळखपत्र अडकवायचं. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय काढायचे नाहीत. शाळेत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली तरी नोंदवही सुटत नाही. पाहुणा आला की पोरांना रांगेत उभं करून फोटो काढायचा, या आपल्या मूळ कलमालाच इथे कात्री लागते. मुख्याध्यापक कॅमेरा पिशवीत घालतात आणि बेटाच्या भूतकाळाकडे वळतात, कारण त्याचा फोटो काढायला कुणाची संमती लागत नाही. पाच हजार वर्षांहून जुनी, गिझाच्या पिरॅमिडांआधीची दोन दगडी घरं, नॅप ऑफ हॉवर, याच बेटावर समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. दारं इतकी बुटकी की नमस्कार केल्याशिवाय आत जाता येत नाही.

पाहुण्यांना कसं हाताळायचं हे या बेटांना आज कळलेलं नाही. त्याचं शिक्षण फार पूर्वी झालं, आणि त्या विषयातलं विद्यापीठ होतं सेंट किल्डा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, शेवटच्या वस्तीपासूनही ६० किलोमीटरच्या पलीकडे, अटलांटिकमध्ये हा बेटांचा पुंजका आहे. लोक समुद्रपक्षी पकडत, खात, त्यांचं तेल जाळत आणि त्यांचीच पिसं जमीनदाराला खंडापोटी देत. मार्टिन मार्टिन नावाचा गृहस्थ १६९७ साली तिथे गेला आणि पुढच्या वर्षी त्याने पुस्तक लिहिलं. त्यात एक विलक्षण तक्रार नोंदलेली आहे: परकी माणसं बेटावर उतरली की सगळ्या बेटाला सर्दी होते. पाहुण्यांचा खोकला म्हणून तिची ख्याती झाली. मुख्य भूमीवरच्या शहाण्यांना हे काही पटेना. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी तर त्याची थट्टा केली: बेटावर जमीनदाराचा कारभारी वसुलीला येतो, म्हणून लोक खोकायला लागतात. वसुलीच्या दिवशी अंथरूण धरणारी गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जॉन्सनचं निदान मान्य व्हायला हरकत नाही. पण जंतूंचा शोध लागल्यावर बेटकऱ्यांचंच म्हणणं बरोबर ठरलं. सांस्कृतिक विनिमयात पाहुण्यांकडून यजमानांना नक्की काय पोचतं, याची इतकी जुनी आणि इतकी प्रामाणिक नोंद दुसरी सापडणं कठीण.

उलट दिशेचा विनिमयही मार्टिनने टिपून ठेवला आहे. सेंट किल्डाचा एक माणूस ग्लासगोला गेला. त्याला तिथलं भव्य कॅथीड्रल दाखवलं. त्याला वाटलं, हा एक मोठा कडा आहे. आमच्याकडे याहून उंच कडे आहेत, असं तो म्हणाला; पण खालचे खांब आणि कमानी बघून मात्र त्याने कबूल केलं की इतक्या छान गुहा त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. ग्लासगोकरांना ही गोष्ट पुढे बराच काळ हसायला पुरली असणार. पण एडिंबराचा किल्ला बघून अजिंक्यतारा काढणाऱ्यांनी त्या माणसाला हसायचं कारण नाही.

मग १८७७ पासून 'डुनारा कॅसल' ही आगबोट उन्हाळ्यात प्रवासी घेऊन सेंट किल्डाला जाऊ लागली. छत्र्या, टोप्या, कॅमेरे घेतलेले लोक काही तासांसाठी उतरत आणि आदिम माणूस बघत. आदिम माणसाला व्यवहार कळायला फार वेळ लागला नाही. हातमोजे, मोजे, हाताने विणलेलं ट्वीड, फुंकून रिकामी केलेली अंडी यांचा बाजार किनाऱ्यावर लागायचा. फोटोला उभं राहायचे पैसे पडायचे. बेटावरची पुरुष मंडळी रोज सकाळी गावच्या एकुलत्या एका रस्त्यावर जमून त्या दिवशी काय काम करायचं ते ठरवत. पाहुण्यांनी त्याला 'पार्लमेंट' म्हटलं. चर्चा कधी कधी इतकी रंगायची की दिवस संपायचा आणि काम राहून जायचं. बायका तोवर पाठीवर ओझी घेऊन ये-जा करत असत, आणि त्या पार्लमेंटच्या सभासद नव्हत्या. हे वर्णन वाचताना सातारकर मुख्याध्यापक गालातल्या गालात हसतात, पण कुणाला उद्देशून ते सांगत नाहीत.

बेटावर शाळाही होती. सुरुवातीला मिशनरीच शिकवत. एकोणिसावं शतक सरता सरता चर्चला लागून एक खोली बांधली गेली. गेलिक बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचं, आणि इंग्रजी वाचता आलं की बाहेरच्या जगात काय काय मिळतं हे कळायचं. व्हायचं तेच झालं. तरुण मंडळी निघून गेली, उरलेल्यांना नांगरणी, होडी, कड्यांवर चढणं झेपेना, आणि शेवटी बेटकऱ्यांनीच सरकारला आम्हाला इथून हलवा असं लिहून दिलं. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसं 'हेअरबेल' या आरमारी जहाजातून निघाली. पुनर्वसनात त्यातल्या अनेकांना नोकऱ्या मिळाल्या त्या वनखात्यात. सेंट किल्डावर झाड नावाला नव्हतं. काहींनी आयुष्यात पहिलं झाड पाहिलं ते त्याची देखभाल करायची नेमणूक मिळाल्यावर. पुनर्वसनाच्या कोणत्याही मराठी फायलीत ही गोष्ट सहज खपून गेली असती.

आता ती शाळेची खोली नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने पूर्वीसारखी लावून ठेवली आहे. बाकं आहेत, फळा आहे, पाहुणे आहेत. मुलं तेवढी नाहीत. भेट देणाऱ्यांच्या दृष्टीने ही शाळा सर्वांत सोयीची म्हणायची.

सेंट किल्डाची ही गोष्ट सिनेमावाल्यांनाही मोहात पाडून गेली. मायकेल पॉवेलला तिथेच चित्रीकरण करायचं होतं, पण बेटाच्या मालकाने परवानगी दिली नाही. मग त्याने शेटलंडमधलं फाउला बेट गाठलं. १९३७ चा 'द एज ऑफ द वर्ल्ड' हा चित्रपट फाउलावर बनला आणि तिथल्या लोकांनी त्यात कामंही केली. एका ओसाड होणाऱ्या बेटाचं सोंग दुसऱ्या बेटाने वठवलं. गंमत म्हणजे सोंग वठवणारं फाउला अजून वस्ती राखून आहे: तीसेक माणसं, बुटकी घोडी आणि एक प्राथमिक शाळा.

फाउलाला जाणाऱ्या पाहुण्याने एक काळजी घ्यावी. नाताळला २५ डिसेंबरला जाऊ नये. १७५२ साली ब्रिटनने जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडलं आणि सप्टेंबरातले ११ दिवस गाळले. फाउलाने आपले सण त्या गाळणीतून जाऊ दिले नाहीत. तिथला यूल, म्हणजे नाताळ, ६ जानेवारीला आणि नवं वर्ष १३ जानेवारीला. बाकीच्या ब्रिटनला ही अजब चाल वाटते. मुख्याध्यापकांना अजिबात वाटत नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरात एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येऊन जातात आणि शेजारच्या घरात तेव्हा मखराचा विचारही सुरू झालेला नसतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. फाउलाच्या शाळेत त्यांना भाषण करायला मिळालं तर विषय तयार आहे, आणि या विषयावर पाऊण तासही कमी पडेल.

शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मध्ये फेअर आयल आहे. तिथल्या विणकामाचं भाग्य उजळलं ते एका पाहुण्याच्या अंगावर. प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे आठवे एडवर्ड, १९२२ साली सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना फेअर आयलचा नक्षीदार स्वेटर घालून उभे राहिले आणि तो स्वेटर देशभर फॅशन झाला. हेच युवराज १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरले होते तेव्हा त्यांच्या स्वागताला परळमध्ये विलायती कापडाची होळी पेटली होती. कपड्यांच्या बाबतीत त्यांचं त्या काळातलं वेळापत्रक बरंच धावपळीचं दिसतं.

पापा वेस्ट्रेच्या शाळेत शेवटी पाहुण्याला मुलांशी बोलू देतात. इथे पाहुण्याचा ठरलेला प्रश्न येतो: "तुम्हाला इथे कंटाळा येत नाही का?" हा प्रश्न जावळीतही विचारला जातो आणि ऑर्कनीतही. विचारणारा माणूस नेहमी अशा शहरातून आलेला असतो, जिथे तो रोज दोन तास गाडीत बसून असतो. मुलांचे प्रश्न जास्त नेमके असतात. तुमच्याकडे मेंढ्या किती? पावसाळा चार महिने म्हणजे चारही महिने पाऊस? तुमच्या शाळेत मुलं किती होती? आकडा सांगितल्यावर काही वेळ कुणी बोलत नाही. अख्ख्या बेटाची लोकसंख्या एका वर्गात बसते हे पचायला वेळ लागतो.

मुख्याध्यापकांना खरा रस असतो तो पुढच्या इयत्तेत. पापा वेस्ट्रेची मुलं प्राथमिक झाल्यावर होडीने शेजारच्या वेस्ट्रेला शिकायला जातात, आणि त्यापुढचं शिक्षण कर्कवॉलला वसतिगृहात राहून. फाउला आणि फेअर आयलची मुलं तर बाराव्या-तेराव्या वर्षीच घर सोडून लर्विकच्या वसतिगृहात जातात. शनिवार-रविवारी घरी यायचं की नाही हे पालक ठरवत नाहीत, हवामान ठरवतं. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात दिवाळीच्या सुट्टीची वाट बघणारं पोर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या भागाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आउट स्केरीज या बेटावर माध्यमिकचे वर्ग होते, ब्रिटनमधली सर्वांत लहान माध्यमिक शाळा म्हणून ते ओळखले जात. २०१४ मध्ये ते बंद झाले. आणि वाशीम जिल्ह्यात गणेशपूरला एका विद्यार्थ्यासाठी चालणारी जिल्हा परिषदेची शाळा २०२३ साली बातम्यांत आली होती. एक मूल, एक शिक्षक. प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची. पटसंख्येचा प्रश्न दोन्हीकडे तोच. फरक एवढाच की स्कॉटलंडमध्ये २०१० च्या कायद्याने ग्रामीण शाळा बंद करण्याआधी स्थानिक परिषदेला पालकांशी सल्लामसलत करावी लागते, दुसरे पर्याय तपासावे लागतात, बंद करण्याचं कारण पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे कधी कधी पालकांना हे वर्तमानपत्रातून कळतं. मुख्याध्यापक हा मुद्दा वहीत लिहून घेतात, आणि हा संपूर्ण प्रवासात त्यांनी लिहून घेतलेला पहिला मुद्दा असतो.

परतायच्या दिवशी धुकं उतरतं. दोन मिनिटांचं विमान आज नाही, उद्याही सांगता येत नाही. भाषण संपलेलं, शाल देऊन झालेली, नारळ एका वर्गाने हातोडीने फोडून खाल्लेला. आता पाहुण्याचं करायचं काय? सहकारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ते बटाटे सोलायला बसतात, कुणीतरी त्यांना गमबूट देतं, दुपारी ते मेंढ्यांच्या मागे वाऱ्यात उभे असतात. संध्याकाळी शिंका सुरू होतात. यजमानांना सर्दी देऊन जायची जुनी परंपरा इथे मोडते. या वेळी ती पाहुण्यालाच होते.

असल्या सगळ्या येरझाऱ्या वाचवण्याचा मार्ग सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाने आधीच शोधलेला होता. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले वर्गातल्या पडद्यावरून देशोदेशीच्या वर्गांना भेटवत. ते या शाळेवर आले तेव्हा ती गुरांच्या गोठ्याशेजारच्या पडक्या इमारतीत होती. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून स्टीफन फ्राय यांनी ग्लोबल टीचर पुरस्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं, आणि तेव्हाही डिसले आपल्या घरीच होते. दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून द्यायचं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. त्या नऊ जणांत लंडनमधल्या किंग्स्टनचे गणिताचे शिक्षक जेमी फ्रॉस्ट होते. त्या हिशेबाने ब्रिटनच्या वाट्याला सुमारे ५५ हजार डॉलर आले, माढा तालुक्यातून.